नाणेघाटचा लेख आणि विद्वानांची लेखी चर्चा

दूरदूर राहणाऱ्या अभ्यासकांच्या लेखी विचारविनिमयातून ज्ञान कसे सिद्ध होते, ह्याचे एक बोधप्रद उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर आढळते. कोकण व देश ह्यांना जोडणारे दोन जुने मार्ग ह्या भागातून जातात : शहापूर तालुक्यातून थळघाटाचा आणि मुरबाड तालुक्यातून नाणेघाटाचा. नाणेघाटाची चढण मुरबाडकडील वैशाखरे गावाच्या बाजूने सुरू होते. माथ्याशी, जुन्नरच्या हद्दीत, सातवाहन राजकुळाचे लेणे आहे. त्यातील प्राकृत लेखात यज्ञांची व दक्षिणेची गणना असून, आता नष्ट झालेल्या प्रतिमांच्या वर सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरि सातकनि इत्यादी नावे कोरलेली आहेत.

कर्नल साइक्स ह्याने १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून ह्या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी प्रिन्सेपने कलकत्त्यास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. तथापि खरा अडथळा लिपीइतकाच सदोष नकलांचाही होता. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी प्रत्यक्ष लेण्यावरून काळजीपूर्वक ठसे घेऊन १८७६ च्या सुमारास लेखातील अंकचिन्हांचे विवेचन केले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या ब्यूलर ह्यांनी पुढे व्हिएन्नाहून १८८३ साली लेखाची सविस्तर आवृत्ती दिली. बर्जेस ह्यांनी १८७२ साली सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वरी’सारख्या मासिकांमुळे अशा वाचनांवर अन्य विद्वानांना आक्षेप व पुरावे मांडता येऊ लागले होते.

हा वाद निष्फळ नव्हता. ब्यूलर ह्यांनी अक्षरवटिकेवरून लेख इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानला. दिनेशचंद्र सरकार ह्यांनी तो पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणला. ह्या एका फरकाने सातवाहनांचा सारा प्रारंभकाल पुढे सरकतो. राणीचे वर्णन मासोपवास करणारी, गृहात तपस्विनीप्रमाणे राहणारी असे आहे. त्यावरून ती विधवा ठरते. पण मग यज्ञ पतीच्या हयातीतील की तिच्या कारभारातील, हा प्रश्न उरतो. लेखाचा काही भाग खंडित असल्याने त्याचे उत्तर व्याकरण, श्रौतविधी व इतिहास ह्यांच्या जाणकारांनी परस्परांचे म्हणणे तपासूनच द्यावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून स्थापन झाले. परीक्षेला निष्कर्ष पुरतो. संशोधनाला मात्र तो निष्कर्ष ज्या आक्षेपांतून तावून निघाला, ते आक्षेपही लागतात. भगवानलाल ह्यांनी विद्यापीठात शिकून पदवी मिळवलेली नव्हती, तरी त्यांच्या ठशांचे प्रामाण्य पदवीधरांना मानावे लागले. कारण लेखी चर्चेत अधिकार पुराव्याला असतो.

ह्या चर्चेचा विषय मुरबाडच्या वेशीवर होता. तिची केंद्रे मात्र मुंबई, लंडन व व्हिएन्ना ही होती. आज पत्रोत्तरास महिने लागत नाहीत आणि शहापूर वा मुरबाडच्या विद्यार्थ्याला दूरच्या विद्वानाशी क्षणार्धात विचारविनिमय करता येतो. साधन बदलले तरी नियम तोच राहतो : आपले वाचन आधारांसह मांडावे, प्रतिपक्षाचे म्हणणे जपून ठेवावे आणि शंका आली की पुन्हा शिळेकडे जावे. शिळेचे सान्निध्य ज्यांना लाभले आहे, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक येते.