कामगार नुकसानभरपाई (जिनिंग कारखाने)

कामावर असताना झालेल्या इजेबद्दल मालकाने कामगारास द्यावयाची रक्कम. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली-खामगाव या कापूसपट्ट्यात हा प्रश्न मुख्यत्वे सरकी काढण्याच्या, म्हणजे जिनिंगच्या, हंगामी कामाशी निगडित होता. १८८१ च्या कारखाने अधिनियमातून वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे कारखाने वगळलेले होते. साहजिकच केवळ हंगामापुरत्या चालणाऱ्या यंत्रांवरील मजूर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९११ च्या अधिनियमाने ही पळवाट बुजविली. तरीही भरपाईसाठी मालकाचा हलगर्जीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागे आणि निरक्षर मजुरास ते जवळजवळ अशक्यच होते.

१ जुलै १९२४ पासून अंमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने (१९२३) ही अट काढून टाकली. कायम व पूर्ण अपंगत्वास ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रु. यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरविण्यात आली. अवयवांचे मोल तिच्या टक्केवारीत बांधले गेले : उजवा हात कोपरापासून तुटल्यास ७०, डावा ६०, अंगठा २५. या हिशेबाने दरमहा १५ रु. मिळविणाऱ्या मजुराच्या अंगठ्याची किंमत १५७ रु. ८ आणे होई. ज्याची मजुरी तुटपुंजी त्याचा अवयवही स्वस्त, हा या योजनेतील मूळचाच दोष होय. शिवाय अक्षमतेच्या पहिल्या दहा दिवसांबद्दल काहीच मिळत नसे. ही मुदत १९३३ च्या दुरुस्तीने सात व १९५९ च्या दुरुस्तीने तीन दिवसांवर आली. किमान रकमेची हमी मात्र १९८४ मध्ये मिळाली : मृत्यूसाठी २०,००० रु. आणि कायम पूर्ण अपंगत्वासाठी २४,००० रु. २००९ च्या दुरुस्तीने हे आकडे अनुक्रमे १,२०,००० व १,४०,००० रु. झाले.