आपण घर बघितलं, पण तपासलं का?

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं. भूमिपूजन, पहिला गणपती, पहिली कार्यकारिणी यांवर इतरांनी लिहिलंच आहे. मी लिहितोय ते घर घेताना आपण काय तपासलं होतं, त्याविषयी. त्यात माझीही चूक आहे, ती आधीच कबूल करतो.

माझ्या आजोबांनी १९३८ साली साताऱ्यात घर घेतलं. वडील सांगायचे की, सौदा मुद्दाम आषाढापर्यंत लांबवला. भर पावसात ओळखीचा गवंडी आणि एक सुतार घेऊन आजोबा घरभर फिरले. सुताराने तुळयांची भिंतीत गेलेली टोकं पटाशीने टोचून पाहिली, कारण ओल आणि वाळवी आधी तिथेच लागते. दोन तुळया पोचट निघाल्या, त्यांचे पैसे किमतीतून वजा झाले. कागद मात्र फारसे पाहिले नाहीत. पुढे भावकीतल्या एकाने हक्क सांगितला आणि अकरा वर्षं कोर्टात गेली!

आपल्या पिढीने नेमकं उलटं केलं.

मालकी हक्काच्या फ्लॅटची पद्धत वाढली, तशा फसवणुकीच्या तक्रारीही वाढल्या. म्हणून १९६३ साली राज्याने कायदा केला, तोच ‘मोफा’. जमिनीचा हक्क बिल्डरने उघड करायचा, मागणी केली की सात दिवसांत नकाशे आणि बांधकामाचा तपशील दाखवायचा, पूर्णत्वाचा दाखला नसताना ताबा द्यायचा नाही. आपल्या वेळी त्यात आणखी एक कलम होतं. ताब्यापासून तीन वर्षांत दोष कळवला, तर शक्य असेल तिथे बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा.

मी १९७४ साली बँकेत लागलो. गृहकर्जाची फाईल माझ्या टेबलावरून जायची. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मग व्हॅल्युअर. व्हॅल्युअर यायचा, टेप लावायचा, भाव काढायचा आणि जायचा. कर्ज बुडालं तर घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढंच त्याने बघायचं. गिलाव्याच्या आत काय आहे, हा बँकेचा प्रश्नच नव्हता. हे मला माहीत होतं, बरं का.

तरीही १९९८च्या पाडव्याला आपल्यातली आठ कुटुंबं माझ्याकडे कागद घेऊन आली, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, “टायटल क्लिअर आहे, बँक कर्ज देतेय, डोळे झाकून घ्या.” आणि त्यांनी खरोखरच डोळे झाकून घेतलं. मीही घेतलं. साइटवर आम्ही गेलो ते रणरणत्या उन्हात. नमुना फ्लॅटमधल्या टाइल्सचा रंग बघितला, खिडकीतून टेकडी बघितली, पेढे खाल्ले.

ताबा मिळाला १९९९च्या मे महिन्यात. जुलैत बी विंगच्या पश्चिमेकडच्या भिंतींना ओल आली. बिल्डरचा माणूस आला, रंग मारून गेला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. आम्ही फोन करत राहिलो, तो ‘बघतो’ म्हणत राहिला. चाळीस वर्षांच्या नोकरीत नसेल इतक्या वेळा मी गिऱ्हाइकांना “लेखी द्या” म्हटलं असेल. पण इथे एक साधं पत्र कोणी लिहिलं नाही, मीसुद्धा नाही. तीन वर्षं निघून गेली. २०१६ साली पहिलं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, तेव्हा त्याच बाजूच्या चार कॉलमांमधल्या सळया गंजून काँक्रीट सुटलेलं सापडलं. प्रत्येक घराला ६५ हजार रुपये भरावे लागले. दोन घरं निवृत्तिवेतनावर चालणारी होती. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आता ‘रेरा’मुळे बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. चांगलं आहे, पण कळवायला आधी दोष दिसायला हवा ना! माझ्या मुलीने न्यू जर्सीत घर घेतलं, तेव्हा तिने स्वतःच्या पैशाने एक तपासनीस नेमला. त्यांची अमेरिकेतली संघटना १९७६ पासूनची आहे. तो माणूस छपरावर चढला, तळघरात उतरला, रेडॉन वायू मोजायचं यंत्र ठेवून गेला. फोटोंसकट अहवाल आला आणि मुलीने त्यावरून भाव पाडून घेतला. मला एकदम आजोबांचा सुतार आठवला. आपल्याकडेही आता ओल मोजायचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन येणारी मंडळी आहेत, पण बोलावतात थोडेच.

आपली इमारत आता पंचविशीची झाली. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं, तिशीनंतर दर तीन वर्षांनी. आपले दोन्ही अहवाल ऑफिसच्या कपाटात आहेत.

गेल्या महिन्यात बी विंगमधला एक फ्लॅट बघायला तरुण जोडपं आलं होतं. मुलगी दहा रुपयांचं नाणं घेऊन टाइल्सवर टकटक करत फिरत होती, पोकळ आवाज येतो का बघत. मग खाली आली आणि मला म्हणाली, “काका, ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल?” मी सेक्रेटरींना किल्ली आणायला सांगितली. दोन दिवसांनी त्यांनी भाव कमी करून मागितला. विकणारे आपले शेजारी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.