ब्रश गेला, घड्याळ आले : विद्युत मोटारीची दोनशे वर्षे

१/
९ एप्रिल २०२१. मंगळावरील जेझेरो विवरात, सुमारे १.८ किलो वजनाचे ‘इन्जेन्युइटी’ हे हेलिकॉप्टर आपली पाती पूर्ण वेगाने फिरवण्याच्या चाचणीस सज्ज होते. चाचणी मध्येच थांबली. मोटारी निर्दोष होत्या, पातीही शाबूत होती. यंत्राला थांबवले ते संगणकातील एका पहारेकरी घड्याळाने. मोटारीचे भवितव्य घड्याळाच्या हाती कसे गेले, याचा हा इतिहास.

२/
१८२१ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पाऱ्याच्या भांड्यात टांगलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेतून अखंड फिरती गती मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १८३८ साली मोरित्झ याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवरच्या मोटारीने माणसांसह नाव चालवली.

३/
प्रयोगातून यंत्र घडवताना अडचण एकच होती. चुंबकीय क्षेत्रातील वेटोळे अर्धा फेरा फिरले की जागीच स्थिरावते. ते पुढे फिरत राहण्यासाठी नेमक्या क्षणी प्रवाहाची दिशा उलटावी लागते. यावरचा उपाय म्हणजे दिक्परिवर्तक, अर्थात शालेय पुस्तकांतील दुभंगलेले कडे आणि त्यावर टेकलेले ब्रश. आस फिरला की कडेही फिरते आणि प्रवाह आपोआप उलटतो. वेळ मोजण्याची गरजच उरत नाही. मोटार हेच स्वतःचे घड्याळ.

४/
या सोयीची किंमत घर्षणाने चुकवावी लागली. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, काळी भुकटी साचते. ‘मिक्सरचे कार्बन गेले’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, ते याच झिजेमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचीवर उडणाऱ्या विमानांत हे ब्रश काही तासांतच भुकटी होऊ लागले. ग्राफाइटला वंगणासारखा गुळगुळीतपणा हवेतील बाष्पामुळे येतो आणि त्या उंचीवर बाष्प जवळपास नसतेच. निर्वात अवकाशात तर ही अडचण अधिकच बिकट.

५/
ट्रान्झिस्टर आला आणि मार्ग मोकळा झाला. १९६२ साली टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी दिक्परिवर्तकाचे काम अर्धवाहक घटकांवर सोपवणाऱ्या डीसी यंत्राची मांडणी प्रसिद्ध केली. अशा मोटारीत रचना उलटी होते. चुंबक फिरतो, वेटोळी स्थिर राहतात आणि प्रवाह ट्रान्झिस्टर बदलतात. चुंबक कोणत्या कोनात आहे, हे ओळखण्यासाठी एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेला परिणाम कामी आला.

६/
१९८३ साली जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकाची घोषणा झाली. मुठीत मावणाऱ्या मोटारीत मोठे बळ आले.

७/
ब्रश गेला, पण त्याचे काम शिल्लक राहिले. एक साधा हिशेब पाहावा. मोटारीत १४ चुंबकीय ध्रुव, म्हणजे ७ जोड्या आहेत; वेग मिनिटाला १०,००० फेरे. प्रत्येक जोडीमागे प्रवाहाची मांडणी ६ वेळा बदलते. म्हणजे सेकंदाला ७,००० बदल, आणि दोन बदलांमध्ये सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून थोडाच अधिक अवधी. तो वारंवार चुकला की मोटार थरथरते, तापते किंवा थांबते.

८/
२९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजहून ‘रास्पबेरी पाय’ बाजारात आला. पत्त्याच्या कार्डाएवढ्या या संगणकाची किंमत होती ३५ डॉलर. हौशी तंत्रज्ञांनी त्याला ब्रशविरहित मोटारी जोडल्या आणि एक मर्यादा उघड झाली. सर्वसाधारण लिनक्स एकाच वेळी अनेक कामे सांभाळते. अमुक काम अमुक क्षणीच होईल, अशी हमी देत नाही. म्हणून कामाची वाटणी रूढ झाली. किती वेगाने फिरायचे, हे छोटा संगणक ठरवतो. प्रवाह कधी उलटायचा, हे मोटारीजवळचा स्वतंत्र नियंत्रक पाहतो.

९/
मंगळावरही हीच वाटणी होती. ‘इन्जेन्युइटी’त मोबाइल फोनसाठी बनलेला स्नॅपड्रॅगन ८०१ हा प्रोसेसर लिनक्सवर चालत असे आणि कॅमेऱ्याची चित्रे वाचत असे. काटेकोर वेळेची कामे त्याखालच्या वेगळ्या चिपांकडे होती. एप्रिलमध्ये उड्डाणपूर्व स्थितीतून उड्डाणस्थितीत जाताना पहारेकरी घड्याळाची मुदत संपली आणि यंत्र सुरक्षितपणे थांबले. आज्ञाक्रम सुधारून १९ एप्रिलला ते उडाले, ३९ सेकंद. संदेश पृथ्वीवर पोहोचायलाच तेव्हा सुमारे १६ मिनिटे लागत. माणसाचा हात मदतीला येणे अशक्य होते.

१०/
२२ मे रोजी, सहाव्या उड्डाणात, सुमारे ५४ व्या सेकंदाला कॅमेऱ्याचे एकच चित्र हरवले. पुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ नोंदली जाऊ लागली. संगणक नसलेली चूक दुरुस्त करू लागला आणि हेलिकॉप्टर २० अंशांहून अधिक हेलकावे खाऊ लागले. अखेरच्या टप्प्यात उतरताना चित्रांकडे पाहायचेच नाही, असे रचनाकारांनी आधीच ठरवून ठेवले होते. त्या दूरदृष्टीमुळे ते नियोजित जागेपासून सुमारे ५ मीटरवर सुखरूप टेकले.

११/
पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या या यंत्राने १८ जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली. त्याच जातीची मोटार आज महाराष्ट्रातील घरांच्या छताला ‘बीएलडीसी पंखा’ म्हणून लटकते आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेई. हा त्याच्या निम्म्याहून कमी विजेत भागवतो. त्याच्या पोटातही एक चिमुकली चिप प्रवाह उलटण्याचा क्षण अहोरात्र मोजत असते.