बॅर हाउस बघताना काय विचाराल?

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते. पुढच्या पर्यायांत घोडा, हमाल आणि स्वतःचे पायही असतात. तुम्ही बॅर हाउस बघायला जाल, तेव्हा ही वाटसुद्धा फील्डवर्क समजा. 19व्या शतकात कॅप्टन बॅर यांनी बांधलेल्या या बंगल्याचं पुढे 'द व्हरांडा इन द फॉरेस्ट' नावाचं हेरिटेज हॉटेल झालं.

आत गेलात की नजर आधी उंच छत, रुंद व्हरांडा, जुनं फर्निचर यांवरच जाते. आणि इथेच आपण फसतो. मालकाची गोष्ट घर आपणहून सांगतं. बाकीच्यांची आपल्याला विचारावी लागते. एवढं जड फर्निचर डोंगरावर कोणी चढवलं? त्या काळी मिनी ट्रेनही नव्हती, ती 1907 मध्ये आली.

आता दुसरी गोष्ट. '1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला' हे वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलंय. 1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडून बघा. मॅलेटसोबत डोंगर चढणारा चौक गावचा पाटील त्यात भेटतो. धनगर, ठाकूर, कातकरी तर या डोंगराला आधीपासूनच ओळखत होते. 'शोध लावला' या दोन शब्दांत ही सगळी माणसं पुसली जातात.

म्हणून असं वाक्य प्रबंधात उतरवण्याआधी जरा थांबा. 'शोध कोणासाठी लागला?' एवढंच विचारा. तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच सापडू शकतो.