टिपणे, पुस्तिका आणि कारागिराचे नाव

संगणकाला हुकूम ज्या भाषेत लिहून द्यावे लागतात तीत फार पूर्वीपासून एक सोय आहे. ठराविक खूण करून लिहिलेला मजकूर यंत्र वाचीत नाही, ओलांडून पुढे जाते. तो मजकूर माणसाने माणसासाठी लिहिलेला असतो. त्याला आपण टिपण म्हणू. या टिपणांतूनच यंत्राकडून माहितीपुस्तिका तयार करून घेण्याची रीत कशी पडली, ते आज सांगावयाचे आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे कळले ते वाचून आणि या धंद्यातल्या पोरांना विचारून.

प्रथम पुस्तिका वेगळीच लिहीत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ ही प्रणाली घडविणाऱ्या केन टॉमसन व डेनिस रिची यांनी तिची पहिली पुस्तिका 1971 च्या नोव्हेंबरात काढली. तिच्या पानांवर ‘दोष’ असा एक रकाना होता, आणि ‘मालक’ या रकान्यात ते काम करणाऱ्याचे छोटे नाव. काम करणाराच आपल्या कामाची उणीव लिहितो आणि खाली नाव घालतो, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पुढे कामे वाढली, तेव्हा अनेक ठिकाणी हुकूम लिहिणारा एक आणि पुस्तिका लिहिणारा दुसरा अशी वाटणी झाली. मग हुकूम बदलत, पुस्तिका जुनीच राही. कारखान्यात हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे: यंत्र नवे येते, भिंतीवरचा सूचनाफलक जुन्या यंत्राचाच असतो.

या दुखण्यावर स्टॅनफर्डच्या डोनाल्ड नूथ यांनी मुळातूनच उपाय केला. 1984 साली त्यांनी एक निबंध लिहून म्हटले की, मजकूर आधी माणसाला समजेल असा लिहावा, यंत्राचे नंतर पाहावे. त्यांच्या ‘वेब’ या साधनात दोन भाग होते. ‘टँगल’ हा त्या लिखाणातून यंत्राला हवे तेवढे काढी, आणि ‘वीव्ह’, म्हणजे विणणे, त्याच लिखाणातून छापण्याजोगे पुस्तक विणी. (हे नाव ऐकून आमच्या वडिलांच्या पिढीतले साचेवाले खूश झाले असते.) ‘टेक्’ ही त्यांची अक्षरजुळणीची प्रणाली याच रीतीने लिहिली गेली आणि 1986 मध्ये तिचा सगळा मजकूर ग्रंथरूपाने निघाला. परंतु हा मार्ग थोड्यांनीच धरला. आमच्या मते कारण उघड आहे: निबंध लिहिण्याइतकी फुरसत मजुरीत धरलेली नसते.

म्हणून चालला तो सोपा मार्ग. सन मायक्रोसिस्टिम्सने 1996 साली ‘जावा’चा पहिला संच दिला, त्यात ‘जावाडॉक’ होते. एक तिरपी रेघ, दोन तारका, आणि पुढे चार ओळी: हे काम काय करते, याला काय द्यावे लागते, यातून काय मिळते. जावाडॉक अशी टिपणे गोळा करून एकमेकांना जोडलेली पाने तयार करते. पुढच्याच वर्षी हॉलंडच्या दिमित्री व्हान हेश यांचे ‘डॉक्सिजन’ आले. ते सी प्लस प्लससारख्या भाषांसाठीही तेच करू लागले. टिपण कामाच्या डोक्यावरच असल्यामुळे काम बदलणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही, हा खरा लाभ.

पण यंत्र टिपण उतरवून घेते, पारखीत नाही. 2014 साली जावाच्या आठव्या आवृत्तीत तपासणी आली. एखाद्या घटकाचे वर्णन राहिले असेल तर ती सांगते; वर्णन खोटे असेल तर तिला कळत नाही. वरिष्ठ टिपणे मोजू लागले की ‘नाव द्या’ या कामावर ‘हे नाव देते’ असे टिपण पडते, आणि तेच पुस्तिकेत छापले जाते. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. त्याला हुकूम लिहिण्याचे तास मिळाले, समजावून सांगण्याचे मिळाले नाहीत.

आणखी एक गोष्ट. टिपणात कर्त्याचे नाव लिहिण्यासाठी जावाडॉकने ‘ऑथर’ ही खूण ठेवली आहे. परंतु मुद्दाम सांगितल्याशिवाय जावाडॉक ते नाव पुस्तिकेत उतरवीत नाही. नाव मूळ मजकुरात तसेच राहते. गिऱ्हाइकापुढे जाणाऱ्या पानावर ते नसते. ते उमटविण्यासाठी यंत्राला एका शब्दाची आज्ञा पुरते, आणि ती देणे पुस्तिका काढणाऱ्याच्या हाती असते.