आधी खेळणं, मग गोष्ट



निवृत्त शिक्षिकेने कार्टूनवर लिहावं याचं काहींना हसू येईल. येऊ दे! इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचे, सनावळ्या पाठ करण्याआधी वस्तूंकडे बघा. नाणं, खापर, ताम्रपट... वस्तू बदलली की समजावं, मागे काहीतरी घडलंय. हाच नियम कार्टूनमधल्या तलवारी-बंदुकांना लावला तर काय दिसतं, ते आज बघू.

आपल्याकडे खेळणं गोष्टीच्या मागून आलं. शिवाजी महाराजांची गोष्ट आधी, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे नंतर. १९८० च्या दशकात अमेरिकेत हा क्रम उलटा झाला. त्याआधी १९६९ मध्ये 'हॉट व्हील्स' या मॅटेल कंपनीच्या छोट्या मोटारींवर कार्टून मालिका निघाली, तेव्हा तिथल्या दळणवळण आयोगाने आक्षेप घेतला होता, की ही गोष्ट कसली, ही तर जाहिरात! पुढे १९८१ मध्ये मार्क फाउलर आयोगाचे अध्यक्ष झाले. बाजाराला मोकळं सोडावं या मताचे गृहस्थ. १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या वेळेवरची बंधनंही निघाली. दार उघडलं आणि खेळणीवाले आत शिरले.

ही-मॅन आठवतो का? दूरदर्शनवर लागायचा. मॅटेलचा हा बाहुला दुकानात आला १९८२ मध्ये आणि त्याचं कार्टून १९८३ मध्ये. त्याच्या हिरव्या वाघाची कुळकथा मजेशीर आहे. मॅटेलकडे 'बिग जिम' नावाच्या आधीच्या, मोठ्या बाहुल्यांसोबतचा एक वाघ होता. नवा साचा करायचा म्हणजे खर्च, म्हणून तोच वाघ हिरवा रंगवला. पण ही-मॅन पडला साडेपाच इंचांचा, त्याच्या शेजारी वाघ प्रचंड दिसायला लागला. मग काय, वाघाच्या पाठीवर खोगीर चढवलं आणि ही-मॅनला वर बसवलं! आपल्या किल्ल्यावर नाही का, मावळ्यापेक्षा कोंबडी मोठी असते आणि मुलं तिच्यासाठीही काहीतरी गोष्ट रचतात. फरक एवढाच, की इथे ती गोष्ट कंपनी रचत होती.

ट्रान्सफॉर्मर्सची हकीकत याहून गुंतागुंतीची. ही खेळणी मुळात जपानच्या टाकारा कंपनीची. त्यांच्या 'डायाक्लोन' मालिकेत मोटारीचा यंत्रमानव व्हायचा आणि त्यात एक चिमुकला माणूस चालक म्हणून बसायचा. 'मायक्रो चेंज' मालिकेत कॅसेट-प्लेअर, पिस्तूल, सूक्ष्मदर्शक अशा घरगुती आकाराच्या वस्तू होत्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने दोन्ही मालिकांतली खेळणी घेतली, एकत्र केली आणि मार्व्हल कॉमिक्सकडून त्यांना गोष्ट लिहून घेतली. बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले. चालक गेला, यंत्रंच जिवंत झाली. १९८४ मध्ये खेळणी, कॉमिक आणि कार्टून सगळं एकाच वर्षी बाजारात.

पण दोन मालिकांची मापं जुळत नव्हती. खलनायक मेगाट्रॉन म्हणजे वॉल्थर पी-३८ जातीचं पिस्तूल, मुलाच्या हातात मावेल एवढं. इतर पात्रं मात्र ट्रक नि विमानं! म्हणून कार्टूनमध्ये हा अवाढव्य सरदार पिस्तूल होताना आपोआप लहान होतो आणि आपल्याच सैनिकाच्या मुठीत जाऊन बसतो. असं का, ते गोष्टीत शोधू नका. उत्तर खेळण्याच्या खोक्यात आहे. जपानी पिस्तुलातून छोट्या गोळ्या उडायच्या, अमेरिकेत ती सोय काढून टाकली. मिराज नावाच्या शर्यतीच्या मोटारीवर मूळ खऱ्या मोटारीप्रमाणे 'जितान' या फ्रेंच सिगारेटची जाहिरात यायला हवी होती. मुलांच्या खेळण्यावर सिगारेट कशी चालेल? एक अक्षर बदललं, 'जी'च्या जागी 'सी' आलं आणि काम भागलं.

जेटफायरचं त्याहून नवल. त्याचा साचा ताकातोकू या तिसऱ्याच कंपनीचा, 'मॅक्रॉस' या वेगळ्याच जपानी मालिकेतल्या विमानाचा. हक्कांची अडचण आली, म्हणून कार्टूनमध्ये त्याचं रूप बदललं आणि नावही 'स्कायफायर' केलं. दुकानात एक, पडद्यावर दुसराच.

पुढे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांमुळे अपघात होऊ लागले. १९८८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की अशा बंदुकीच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण हवी. १९९३ च्या नव्या मालिकेत मेगाट्रॉन दुकानात आला तो रणगाडा होऊन.

जी. आय. जो या सैनिकांचंही तसंच. बाहुल्याच्या हातात खऱ्यासारखी रायफल, कार्टूनमध्ये मात्र तिच्यातून निघतो लाल-निळा किरण. विमान पडलं की वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप खाली! एवढं युद्ध आणि मरत कोणीच नाही. हेच सैनिक पुढे फनस्कूल कंपनीने भारतात, गोव्याच्या कारखान्यात बनवले. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग पुष्कळदा वेगळे. आज जगभरचे संग्राहक ते मुद्दाम शोधत असतात.

आता मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ऑगस्ट १९८६ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा चित्रपट आला. जुनी खेळणी विकून झाली होती, नवी खपवायची होती. म्हणून जुनी पात्रं मारून टाकली. त्यांत नायक ऑप्टिमस प्राइमही गेला. कंपनीच्या हिशेबात तो जुना माल होता. पण चित्रपटगृहात मुलं ओक्साबोक्शी रडली. आई-वडिलांच्या तक्रारी गेल्या. जी. आय. जोच्या १९८७ च्या चित्रपटात ड्यूक नावाचा नायक मरणार होता. तिथे दृश्य तसंच ठेवून संवाद बदलला, तो मेला नाही, बेशुद्ध आहे! आणि त्याच वर्षी ऑप्टिमस प्राइमला मालिकेत परत जिवंत करावं लागलं.

आतापर्यंत वस्तू बदलल्या त्या खर्चासाठी, हक्कांसाठी, कायद्यासाठी. इथे पहिल्यांदा मुलांच्या रडण्यामुळे निर्णय बदलला. मोठ्यांनी गोष्ट माल खपवायला लिहिली होती, पण मुलांनी ती गोष्ट म्हणूनच ऐकली. हे त्यांचं भाबडेपण म्हणावं का? मला नाही तसं वाटत. वर्गात एखाद्या राजाचा मृत्यू सांगताना मागच्या बाकावरची चुळबुळ थांबायची, ती मी पाहिली आहे. ज्याच्यावर जीव जडला त्याचं जाणं मुलांना खरंच लागतं. तो राजा असो की प्लॅस्टिकचा ट्रक.

पेगी चॅरन नावाच्या बाईंनी १९६८ पासून मुलांच्या टीव्हीसाठी लढा दिला. १९९० मध्ये कायदा होऊन जाहिरातींवर पुन्हा मर्यादा आल्या, तासाला साप्ताहिक सुट्टीत साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटं. खेळण्यांवरच्या गोष्टी मात्र थांबल्या नाहीत. आजही नातवंडं जे बघतात त्यात दुकान कुठे संपतं आणि गोष्ट कुठे सुरू होते, हे चटकन कळत नाही. अशा वेळी टीव्ही बंद करण्यापेक्षा शेजारी बसून विचारावं, हा वाघ हिरवा का रे? मुलं फार छान उत्तरं देतात. मग आपण खरं कारणही सांगावं. गोष्टीची गंमत त्याने कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

असो. माळ्यावरच्या पेटीत जुना ही-मॅन किंवा गोव्याचा सैनिक कोणाला सापडला तर जरूर कळवा. टाकून मात्र देऊ नका.