इंदोऱ्यातील बायांचे वय

इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, शिलालेख, बखरी सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही पडलो कामगार संघटनेची माणसे. आमच्या हाती येतात ती हजेरीची जुनी कार्डे, भविष्यनिर्वाह निधीचे कागद आणि बायांनी पदराच्या गाठीत बांधून आणलेली ओळखपत्रे. तेवढ्यावरून उत्तर नागपुरातील इंदोरा या वस्तीविषयी एक गोष्ट श्रोत्यांपुढे ठेवावी असा विचार आहे. येथील बाई म्हातारी केव्हापासून होऊ लागली, हा आमचा प्रश्न.

1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे भोंग्याच्या ओढीने शहराकडे आली. पुढे मिलने इंदोऱ्यास जमीन घेऊन कामगारांनी तेथे स्वतःची घरे बांधावीत अशी योजना केली. पुरुष सूतखात्यात व मागावर, बाया बहुशः रिलिंग-वाइंडिंगला आणि पोरे मिळेल तेथे, अशी ती गिरणीची वाटणी होती.

पोरे म्हणजे किती वयाची? कायदा पाहावा. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मूल कामावर घेण्यास बंदी केली. 1891 मध्ये ती मर्यादा नऊ झाली, 1922 मध्ये बारा आणि 1948 मध्ये चौदा. पण ज्या घरात जन्माची नोंदच नाही तेथे नऊ आणि बारा यांत फरक कोणी करावा? ते काम डॉक्टरकडे असे. तो उंची पाही, दात पाही आणि आकडा लिही. आई मुलीला घरून पढवून आणी, की साहेबाने विचारले तर अमुक सांग. कायद्याची मर्यादा जसजशी वर सरकली तसतशा गरिबाच्या मुली कागदावर मोठ्या होत गेल्या.

आणि खरोखर मोठ्या होऊन म्हाताऱ्या किती होत? 1918 च्या इन्फ्लुएंझाने मध्यप्रांताची भयंकर हानी केली. ही साथ ऐन उमेदीच्या माणसांना, आणि त्यातही बायांना, अधिक भोवली. ज्यांनी आजाऱ्यांची उस्तवार करायची त्याच आधी गेल्या. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सारे विशीतच मरत असा नव्हे. तान्ही मुले फार जात म्हणून सरासरी एवढी खाली येई. तरी बाळंतपणे, क्षय आणि गिरणीचा कापूस यांतून पार पडून साठी गाठणारी बाई मजुरांच्या वस्तीत विरळाच. पुष्कळांना आजीचा चेहरा आठवत नसे.

या पार्श्वभूमीवर इंदोऱ्याच्या दोन घटना आम्हांला फार मोठ्या वाटतात. पहिली जाईबाई चौधरींची. नागपूर-कामठी वाटेवर डोक्यावरून ओझी वाहणारी ही बाई स्वतः शिकली आणि तिने इंदोऱ्यात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. शाळेत नाव घालताना वय लिहावे लागते, आणि ते गिरणीसाठी लिहिलेल्या वयासारखे वाढवून लिहिण्याचे कारण नसते! 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले खरे. परंतु मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत बसायची कोठे, याचे उत्तर अशा शाळेने दिले.

दुसरी घटना जुलै 1942 ची. नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या जोडीने महिलांचीही भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो बायांना सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका. हे भाषण लोकांच्या ध्यानात आहे. त्याच परिषदेचा एक ठराव मात्र विसरला गेला. गिरणीत, विडीच्या कारखान्यांत, नगरपालिकेत व रेल्वेत काम करणाऱ्या बायांना 20 वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान 15 रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी त्यात होती. जिच्या आईला म्हातारपण ठाऊक नव्हते ती बाई स्वतःच्या म्हातारपणाचा खर्च मागत होती. आमच्या मते मजूर चळवळीतली ही फार धाडसाची मागणी होय.

पुढचे थोडक्यात सांगतो. रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा भत्ता, पाळणाघर हे सारे बायांच्या हिताचे नियम आले आणि मालकांनी नव्या बाया घेणेच कमी केले. 1986 मध्ये एम्प्रेस राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, 2002 मध्ये बंद पडली. आज तेथे दुकानांचे मोठे संकुल आहे. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात दर बाईमागे सरासरी मुले दोनाच्याही खाली, 1.7 वर आली. शिकलेल्या नाती पुण्याला गेल्या. दुपारी इंदोऱ्याच्या विहारात जावे तर पांढऱ्या लुगड्यांच्या ओळी दिसतात. नागपूरच्या मजूरवस्तीने एवढ्या म्हाताऱ्या बाया एकत्र पूर्वी कधी पाहिल्या नसाव्यात.

त्यांतलीच एक आजी 2015 साली आमच्याकडे आली. निराधार वृद्धांच्या वेतनासाठी 65 वर्षांचा दाखला हवा होता. मतदार ओळखपत्रावर वय 59 पडत होते, कारण नोंदणीवाला आला तेव्हा दारात सून होती आणि तिने अंदाजाने सांगितले. त्या हिशेबाने आजी थोरल्या मुलाहून नऊच वर्षांनी मोठी! मिलच्या कार्डावर दुसरे वय, पण नाव माहेरचे. कचेरीतल्या बाबूने दोन्ही परत केली. 1942 चे 15 रुपये राहोत, 2014 मध्ये भविष्यनिर्वाह निधीचे किमान निवृत्तिवेतन 1000 रुपये ठरले, तेही तिच्या वाट्याला नव्हते. मध्ये नोकरी तुटली होती.

शेवटी वयाच्या दाखल्यासाठी आम्ही तिला सरकारी डॉक्टरकडे नेले. त्यांनी तोंड उघडायला सांगितले. आजी हसायला लागली. म्हणाली, "बारा वर्साची होती तवा असंच तोंड उघडून चवदा लिवलं व्हतं, बापू. तवा दात तरी व्हते." डॉक्टरांनी बोळक्या तोंडाकडे पाहिले आणि लिहिले, अंदाजे सत्तर.